खेळायचं की कपाटात ठेवायचं?

‘आमच्या घरात सध्या दोन मुलं आहेत, एक सहा वर्षांचा आणि एक अडतीस वर्षांचा. दोघांनाही एकच खेळणं हवं असतं. ताई, मी कोणाची बाजू घेऊ?’

पत्र नाशिकच्या एका मैत्रिणीचं आहे. पहिलं वाक्य वाचून मला हसू आलं, पण पुढचं वाचताना ते मावळलं. तिच्या यजमानांना लहानपणी टी.व्ही.वर पाहिलेल्या ‘ही-मॅन’ मंडळींचे बाहुले जमवायची हौस आहे. हॉलमध्ये काचेचं कपाट, त्यात ओळीने मांडलेली खोकी आणि त्यातलं एकही उघडलेलं नाही. मे महिन्याच्या सुटीत एका दुपारी आई जरा आडवी झाली होती. चिरंजीवांनी स्टूल लावलं, एक खोकं फाडलं आणि आतल्या वीराला बादलीत पोहायला शिकवलं. संध्याकाळी वडील घरी आले. ते ओरडले नाहीत, हातही उगारला नाही. फाटलेला पुठ्ठा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. तेव्हापासून मुलगा त्या कपाटाकडे बघत नाही आणि बाबांच्या शेजारी जेवायलाही बसत नाही. ‘प्रश्न पैशाचा नाही,’ असं ती लिहिते. पण मैत्रिणींनो, तीन पानी पत्रात त्या बाहुल्याची किंमत तीन वेळा आली आहे, तेव्हा प्रश्न थोडासा पैशाचाही आहेच!

तिला उत्तर द्यायच्या आधी एक सांगते. हे भांडण तिच्या एकटीच्या घरातलं नाही. खेळणी करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांच्या घरातही ते गेली कित्येक वर्षं चाललं आहे. मूल खूश झालं तर हौशी माणूस रुसतो, हौशी माणसाची मर्जी राखावी तर मूल पाठ फिरवतं. त्यांनी कुठे काय केलं हे पाहिलं, तर आपल्या कपाटाचं काय करायचं ते आपोआप कळेल.

मुळात ‘बाहुला’ हा शब्द आपल्याकडे किती सोयीचा आहे पाहा. बाहुला-बाहुलीची लग्नं लावताना मुलगेसुद्धा वरपक्षात मिरवायचे, कोणाला काही वाटायचं नाही. अमेरिकेत मात्र मुलाने बाहुली खेळायची म्हणजे आईबापांना कमीपणा! म्हणून १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा वीतभराहून मोठा, कपडे बदलता येणारा सैनिक काढला, तेव्हा त्याला बाहुली म्हणायचं नाही असं ठरवून ‘ॲक्शन फिगर’ असं नाव दिलं. होता बाहुलाच. मी आपली त्याला बाहुलाच म्हणणार.

पुढची मोठी गोष्ट १९७७ ची. ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा त्या वर्षी मे महिन्यात लागला आणि पोरं वेडी झाली. खेळण्यांचे हक्क केनर नावाच्या कंपनीकडे होते, पण नाताळपर्यंत तिचे बाहुले तयार होईनात. मग तिने काय करावं? चक्क रिकामं पाकीट विकलं. आत एक चित्रांचा पुठ्ठा आणि एक हमीपत्र. ते टपालाने पाठवलं की नव्या वर्षात चार बाहुले घरपोच. लोकांनी ते घेतलं, हे विशेष. नंतर आलेले बाहुले जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरचे, म्हणजे मुलाच्या मुठीत मावतील एवढे. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढेच सांधे. नटाच्या चेहऱ्याशी साम्य बेताचंच. पण आकार लहान ठेवल्यामुळे त्यांना बसायला विमानं आणि अंतराळयानं त्याच मापात काढता आली, आणि मुलाला हवं होतं ते नेमकं हेच. बाहुला हुबेहूब असण्यापेक्षा त्याला विमानात बसवून घरभर उडवता येणं महत्त्वाचं.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्याचं तसंच नाही का? गडावर सिंहासनावर महाराज, खाली मावळे, आणि पायथ्याशी महादरवाज्याहून मोठा वाघ! मुलांना त्यात काही खटकत नाही. खटकतं ते आपल्याला. मग आपण एकाच मापाची, बारीक रंगकामाची महागडी चित्रं आणतो आणि वर ‘हात लावू नको हं, नाक उडेल’ असं बजावतो. किल्ला मुलांचा आणि काळजी आपली!

आता एक गोष्ट सांगते, ती प्रत्येक आईने ऐकावी अशी आहे. १९७९ मध्ये केनरने ‘बोबा फेट’ नावाच्या पात्राचा बाहुला टपालाने द्यायची योजना काढली. त्याच्या पाठीवर स्प्रिंगने उडणारं लहानसं रॉकेट असणार, अशी जाहिरातही झाली. पण त्याच सुमारास ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेच्या, दुसऱ्या एका कंपनीने काढलेल्या खेळण्यातलं असंच उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मूल दगावलं. केनरने रॉकेट उडण्याची सोय रद्द केली आणि ते पाठीला पक्कं बसवून मगच बाहुले मुलांना धाडले. पोरं हिरमुसली असतील, पण कंपनीने केलं ते योग्यच केलं. उडत्या रॉकेटचे जे थोडे नमुने कारखान्यात करून पाहिले होते, ते दुकानात कधी आलेच नाहीत. त्यातलाच एक नमुना २०२४ मध्ये अमेरिकेत लिलावात सव्वापाच लाख डॉलरना गेला. म्हणजे मुलाच्या हाती देण्यालायक नाही म्हणून जे बाजूला काढलं, तेच संग्राहकांच्या लेखी सर्वांत अनमोल ठरलं. दोघांच्या नजरेत एवढा फरक आहे.

असाच एक ‘जावा’ नावाचा बुटका बाहुला. पहिल्यांदा त्याला प्लास्टिकचा झगा होता. कंपनीला वाटलं, एवढासा जीव, वर प्लास्टिकचा तुकडा, आणि किंमत मात्र बाकीच्यांइतकीच, हे गिऱ्हाईकाला पटायचं नाही. म्हणून त्याला कापडी झगा शिवला. आयांना तो पसंत पडला असणार, आपण कापडाला मोल देतोच. पण त्यामुळे प्लास्टिकच्या झग्याचे जावे थोडेच उरले आणि आज त्यांचे भाव आभाळाला भिडले. इतके, की दुसऱ्या बाहुल्याचा प्लास्टिकचा झगा कात्रीने कापून नकली जावे विकणारे महाभाग निघाले.

या जुन्या बाहुल्यांना एवढी किंमत का आली? कारण मुलं त्यांच्याशी खेळली. मातीत पुरले, पाण्यात बुडवले, कुत्र्याला चावायला दिले, हरवले. हजारोंतले चार धड उरले. १९९५ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे बाहुले नव्याने आले, तेव्हा शहाणी मोठी माणसं पुढे सरसावली. ‘पूर्वीचे एवढे महाग झाले, आता हे बंद खोक्यात ठेवू, म्हातारपणी कामाला येतील!’ सगळ्यांनीच ठेवले. आज ते बंद खोक्यातले बाहुले हवे तेवढे मिळतात, म्हणून त्यांना विचारतंय कोण? तेव्हा मैत्रिणींनो, घरात कोणी ‘ही गुंतवणूक आहे’ असं म्हणायला लागलं, तर ही गोष्ट सांगा. हौस म्हणा, हौस म्हणून करा. गुंतवणुकीला पोस्ट आहे, बँक आहे.

आता ही-मॅनकडे येऊ, कारण पत्रातलं कपाट त्याचंच आहे. मॅटेल कंपनीने तो १९८२ मध्ये काढला. साडेतेरा-चौदा सेंटिमीटरचा, पिळदार अंगाचा, गुडघ्यात किंचित वाकून उभा. कमरेत स्प्रिंग होती. पिळून सोडलं की गर्रकन फिरून ठोसा मारायचा. आपल्याकडे लिओ कंपनी हे बाहुले काढायची आणि टी.व्ही.वर त्याची चित्रमालिका लागायची, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतले आपले नवरे आणि भाऊ त्याचं नाव काढलं की अजून हळवे होतात. गंमत म्हणजे कंपनीने साच्यांचा खर्च वाचवायला एकच धड कितीतरी पात्रांना वापरलं. डोकं बदललं, रंग बदलला, की नवा वीर तयार. उरलेल्या कणकेच्या आपण शंकरपाळ्या करतो ना, तसंच! मुलांनी कधी तक्रार केली नाही. १९८५ मध्ये ‘स्टिंकॉर’ नावाचा दुर्गंधी सोडणारा खलनायक आला. त्याच्या प्लास्टिकमध्येच पाचोळीच्या तेलाचा वास मिसळला होता. धड जुनंच, पण वास नवा, आणि मुलं खूश. आज चाळीस वर्षांनंतरही त्याचा वास गेलेला नाही, असं जमवणारे कौतुकाने सांगतात.

२००२ मध्ये कंपनीने ही-मॅन पुन्हा आणला. या वेळी मूर्तिकार चांगले मिळाले होते. नक्षीकाम इतकं देखणं, की लहानपणी खेळलेली आणि आता कमावती झालेली मंडळी धावली. इथे मोठी फसगत झाली. दुकानात बाहुले पेटीने येतात आणि पेटीत कुठलं पात्र किती घालायचं हे कंपनी ठरवते. मुलांना नायकच हवा असतो, आजी-आजोबा दुकानात गेले तर नायकाचंच नाव त्यांना ठाऊक असतं, हा हिशेब चुकीचा नव्हता. म्हणून ही-मॅन आणि त्याचा शत्रू स्केलेटॉर यांचीच नाना रूपं काढली. आज जंगलातला ही-मॅन, उद्या सापांशी लढणारा ही-मॅन. पण मुलाकडे एक ही-मॅन आला की त्याला दुसरा कशाला? त्याला आता लढायला कोणीतरी हवं, सोबतीला कोणीतरी हवं. आणि जमवणाऱ्यांना हवी होती बाकीची पलटण. तिच्यातली टीला नावाची लढवय्यी तर पेटीत एखादीच यायची. ती पेटी उघडताच कोणीतरी मोठा माणूस उचलून न्यायचा, फळीवर उरायचे नुसते ही-मॅन. मग दुकानदार नवा माल मागवीना. दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं. राहून गेलेली पात्रं पुढे दुसऱ्या एका कंपनीने काढली, पण कशी? हात-पाय न हलणाऱ्या पुतळ्यांच्या रूपात! मोठ्यांनी ती आनंदाने घेतली आणि कपाटात मांडली. मुलाने त्या पुतळ्याचं काय करायचं?

पोळलेल्या कंपनीने मग दुसरं टोक गाठलं. २००८ पासून खास मोठ्यांसाठी मालिका सुरू केली. दुकानात नाहीच, फक्त ऑनलाइन. एकेक बाहुला वीस डॉलरचा, अठरा सेंटिमीटरचा, बारीक रंगकामाचा. वर्षाची वर्गणी आधी नोंदवायची. पुढे तर पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी माल काढायचा नाही, इथवर गोष्ट आली. एकेका बारीकसारीक पात्राची हौस पुरी झाली, खरं आहे. पण त्या सगळ्या वर्षांत नव्या मुलांच्या हातात ही-मॅन गेला किती? दुकानातच नाही तर मूल हट्ट कशाचा धरणार? ज्या विहिरीतून पाणी काढायचं, तिच्यात नवा झरा नको का?

याच मालिकेतली एक गोष्ट तुम्हाला पटेल. १९८५ मध्ये ही-मॅनची बहीण ‘शी-रा’ मुलींसाठी निघाली होती. तिला खरे केस होते, म्हणजे विंचरता येतील असे, आणि सोबत एक कंगवा. तलवार होतीच, पण मुली आधी वेणी घालायच्या आणि मग लढाईला जायच्या. हे मला फार आवडतं. घरचं आवरून बाहेर पडायची आपली रीतच आहे ती! २०१० च्या सुमारास मोठ्यांच्या मालिकेत शी-रा आली, तेव्हा तिचे केस प्लास्टिकचे, कोरलेले. भावाशेजारी कपाटात शोभून दिसते, केस विस्कटायची भीती नाही. हौशी मंडळींचं म्हणणं रास्तच होतं, सगळी पलटण एका धर्तीची दिसली पाहिजे. पण कंगवा गेला. जी मुलगी त्या शी-राशी खेळली होती, तिला कोणी विचारलं असतं तर तिने आधी कंगवा मागितला असता.

मुलींना विचारायचं राहून जातं, हे त्या धंद्यातलं जुनंच दुखणं. २०१५ च्या डिसेंबरात ‘स्टार वॉर्स’चा नवा सिनेमा आला, त्याची नायिका ‘रे’ नावाची मुलगी. आणि त्यावरच्या मोनोपॉलीच्या पटावर सोंगट्या चारही पुरुषांच्या! सिनेमातलं गुपित फुटू नये म्हणून तिला वगळलं, असं कंपनीने सांगितलं. आठ वर्षांच्या एका मुलीने पत्र लिहून जाब विचारला, ते पत्र गाजलं, आणि कंपनीला रे घालावी लागली. पत्रांचा उपयोग होतो, बरं का.

मग दोघांना सांधणारं काही निघालं की नाही? निघालं. २०२० मध्ये मॅटेलने ‘ओरिजिन्स’ नावाची मालिका काढली. उंची जुनीच, चेहरेमोहरे आणि पुठ्ठ्यावरची चित्रं जुन्या वळणाची, म्हणजे मोठ्यांचा जीव तिथे गुंतला. किंमत पंधरा डॉलरच्या घरात आणि माल साध्या दुकानात. अंगाला सोळा ठिकाणी सांधे. शिवाय डोकं, हात, पाय निघतात आणि एकाचे दुसऱ्याला बसतात. मुलांना याहून काय हवं! मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चौथीच्या वर्गात शनिवारी खेळणी आणायला सांगितली होती, तेव्हा बघत होते. मुलं बाहुला हातात आला की पहिल्यांदा त्याचं डोकं निघतं का ते पाहतात. नंतर तो उभा राहतो का पाहतात, आणि मग त्याला टेबलावरून खाली टाकतात. या तीन परीक्षांत पास झाला, की त्याला नाव मिळतं. चेहरा सिनेमातल्यासारखा आहे का, हे एकानेही पाहिलं नाही. जमवणारा मात्र आधी चेहराच पाहतो, मग रंगाची रेघ कुठे सुटली आहे ते, मग खोक्याचा कोपरा. ओरिजिन्सचं कौतुक मला वाटतं ते एवढ्यासाठी, की सांधे सुटणं हे तुटणं न ठरवता खेळ ठरवला. पूर्ण समाधान अर्थात नाहीच. कमरेतली ती ठोसा मारणारी स्प्रिंग गेली. मला विचाराल तर ती ठेवायला हवी होती.

आता नाशिकच्या मैत्रिणीसाठी.

फाटलेलं खोकं पुन्हा बंद होणार नाही. त्याची जी काही जादा किंमत होती ती त्या दुपारी संपली. तेव्हा तो बाहुला पुन्हा कपाटात ठेवू नका, मुलाला द्या. पण तुम्ही देऊ नका, यजमानांनी स्वतः द्यायला हवा. सोबत बसून, हा कोण, याचा शत्रू कोण, मी लहान असताना याला काय करायचो, एवढं सांगून. अडतीस वर्षांच्या माणसाला पुठ्ठ्याचं दुःख झालं ते पैशासाठी नसेल, त्याचं लहानपण त्यात होतं. ते मुलाला ठाऊकच नाही. त्याला फक्त बाबा गप्प झालेले दिसले.

कपाटाचं म्हणाल तर ते हॉलमधून हलवा किंवा खालचे दोन खण रिकामे करा. खेळणी मुलाच्या डोळ्यांसमोर मांडायची आणि हात लावला की चिडायचं, हे म्हणजे लाडवाचा डबा उघडा ठेवून उपास करायला सांगण्यासारखं आहे. खालचे खण मुलाचे. तिथले बाहुले उघडे, सुटे, हवे तसे. वरचे बाबांचे, कुलपात. यजमान नवीन काही घेतील तेव्हा मुलासाठी एखादा वापरलेला, बिनखोक्याचा घ्यावा, तो पुष्कळच स्वस्त पडतो. आणि किंमत मुलाच्या कानावर घालू नका. ‘तीन हजारांचा आहे’ असं ऐकलेलं मूल खेळत नाही, सांभाळत बसतं.

घरखर्चाच्या वहीत ‘हौस’ असं एक पान घाला. महिन्याची एक रक्कम ठरवा. त्यात त्यांचे बाहुलेही लिहायचे आणि तुमची पैठणीची भिशीही. लिहिलेल्या आकड्यावर भांडण कमी होतं, हा माझा अनुभव आहे.

खोक्यावरचे आकडेही नीट वाचा. गोलात बाळाचा चेहरा आणि त्यावर तिरकी रेघ असेल, तर तीन वर्षांखालच्या मुलाला ते खेळणं अजिबात नाही. ही सुरक्षिततेची खूण आहे. तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून जरा रुंद अशी आखूड नळी वापरतात. तिच्यात जो भाग पुरता मावतो, तो बाळाच्या घशात अडकू शकतो. जमवणाऱ्यांच्या बाहुल्यांबरोबर जादा पंजे, बंदुका, पट्टे असा बारीक ऐवज फार येतो, त्यामुळे घरात रांगणारं मूल असेल तर ती पिशवी आधी उचला. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. ‘१४+’ लिहिलेला बाहुला मुलांचं खेळणं म्हणून विकायला काढलेलाच नसतो, हे ध्यानात ठेवा. लेगोच्या काही खोक्यांवर २०२० पासून ‘१८+’ असतं, ते मात्र मोठ्यांना ‘हे तुमच्यासाठीच’ असं सांगायला. तिथे आठवीतल्या मुलाने हात लावला तर काही बिघडत नाही.

जुनं ते सोनं म्हणून बाबांचे चाळीस वर्षांपूर्वीचे बाहुले लहान मुलांच्या हवाली करू नका. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या पाहणीत, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोनशे जुनी प्लास्टिकची खेळणी तपासली होती. पिवळ्या, लाल आणि काळ्या प्लास्टिकमध्ये शिसं, कॅडमियम यांसारखी घातक द्रव्यं वरचेवर सापडली. तोंडात घालायच्या वयाच्या मुलांपासून हे लांबच बरे. हाताला चिकट लागणारा बाहुला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. कडकडीत पाणी नको, ऊन तर नकोच.

माळ्यावर भावाची किंवा दिरांची जुनी पेटी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहा. हॅस्ब्रोच्याच भागीदारीत १९८७ मध्ये निघालेल्या फनस्कूल कंपनीचा पहिला कारखाना आपल्या गोव्यात. या कंपनीने अमेरिकेतले जुने साचे वापरून जी. आय. जो सैनिक काढले, पण रंग मात्र आपल्या मर्जीचे दिले. तिकडे कधी न निघालेल्या त्या रंगांसाठी आज अमेरिकेतले हौशी लोक आपल्याकडचे सैनिक शोधत असतात. पेटीत एखादा कमरेतून दोन तुकडे झालेला सापडेल. तो मोडलेला नसतो, आतली रबराची कडी तेवढी तुटलेली असते. पाठीवर एक बारीक स्क्रू दिसेल. चष्म्याच्या दुकानात मिळतो तसल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो काढा, दोन्ही अर्ध्या पाठी सुट्या करा आणि पायांच्या आकड्यात त्याच मापाची रबरी कडी अडकवा. नळाच्या सामानाच्या दुकानात जुनी कडी दाखवलीत की जोडीची मिळते. पुन्हा जोडताना मुलाला स्क्रू फिरवू द्या, फक्त फार आवळू देऊ नका. प्लास्टिक जुनं झालेलं असतं, तडकतं.